पाणी कितीवर आलं की घर सोडायचं? (शिरोळ, करवीर, पलूस, मिरजवाल्यांनो सांगा)

वाडीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. मी पुण्यात नोकरीला, आई-आबा गावी, सोबत दोन म्हशी, एक रेडी आणि आबांचा हट्ट.

२००५ ला पाणी आमच्या पायरीला शिवून मागं गेलं होतं. ती खूण आबांच्या डोक्यात इतकी पक्की बसलीय की २०१९ ला शेजारची घरं रिकामी व्हायला लागली तरी ते पायरीवर खुर्ची टाकून बसलेले. "हिच्या वर येत न्हाई, मी बघितलंय." आलं की वर. खिडकीच्या वर गेलं. आई-आबांना बोटीनं काढलं, म्हशी गल्लीतल्या पोरांनी पोहत नेल्या. २०२१ ला जरा लवकर निघाले पण तेही दिवसभर भांडण होऊन, आणि मी इथं फोनवर ओरडून ओरडून ऑफिसात तमाशा.

आता मे संपत आलाय आणि आबांनी काय करावं, तर पायरी एक वीत उंच करून घेतलीय.

प्रश्न सरळ आहे. तुमच्यात घर कधी सोडायचं ते कसं ठरतं? फूट बघून, गावात दवंडी झाली की, का शेजारी निघाले की? आणि न निघणाऱ्या माणसाला कसं काढता? "सरकारनं खरं तर..." असं सुरू करणार असाल तर कृपया शेवटी लिहा.

पाणंदकर

म्हशी कुठं बांधणार ते ठरलंय का? ते ठरलं नसंल तर आबा हलणार न्हाईत. बाकी चर्चा नंतर.

सातारी_बोका

पायरी उंच केली हे वाचून आबांना दंडवत. पुढच्या वर्षी जिना होणार बघा.

आयर्विनखालून

पाणंदकरांना +१, पण फुटांचं पण सांगतो कारण त्यात लोक फसतात.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० इशारा, ४५ धोका. हे आकडे त्या त्या ठिकाणच्या पट्टीचे, तुमच्या पायरीचे नव्हेत. टीव्हीवर "धोका पातळी ओलांडली" आलं की पुण्या-मुंबईचे पाव्हणे फोन करून हैराण करतात आणि गावातली माणसं म्हणतात हे तर दरवर्षीचंच, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून प्रत्येक घरानं स्वतःचं कोष्टक करावं. आयर्विनला इतकं असताना आमच्या ओढ्याला फूग (मागं तुंबलेलं पाणी) आली, इतकं असताना पाणंद बंद, इतकं असताना मुख्य रस्ता बंद, इतकं असताना गोठ्यात. आमच्या घरी कॅलेंडरच्या मागं पेनानं लिहिलेलं आहे, दर पुरात त्यात भर पडते.

आणि यातला महत्त्वाचा आकडा घरात पाणी शिरण्याचा नाही हो, रस्ता तुटण्याचा. घर बुडायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. आबा पायरी बघत बसले, पण गावाच्या बाहेर सखल जागेला रस्त्यावर पाणी चढलं तेव्हाच त्यांचं निघणं अवघड झालं होतं, पायरी अजून कोरडी असताना. त्यानंतर जे होतं ते बोट, हेलिकॉप्टर आणि नशीब.

दुसरं, शिरोळ तालुक्याला चार नद्या. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. नुसती आयर्विनची पट्टी बघून तुमचं भागणार नाही. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीच्या संगमाला पुढं सरकतच नाही, मागं मागं तुंबत जातं. त्यामुळं कोल्हापुरात ऊन पडलं म्हणून शिरोळवाल्यांनी गाद्या वाळत घालू नयेत. वरचं पाणी उतरायला लागतं तेव्हा तुमच्याकडं चढत असतं.

२००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं आणि २०१९ ला ५७ च्या पुढं. वर चार फूट. डोंगरात चार फूट काहीच नाही, आपल्या सपाट मुलखात चार फुटांत अख्खी गल्ली जाते.

वाशिष्ठीकाठ

तुमच्याकडे चर्चा करायला वेळ मिळतो याचाच आम्हाला हेवा वाटतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पहाटे लोक उठले ते घरात पाणी आल्यामुळेच. बाजारपेठेत तळमजला गेलाच, कित्येक ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. वरून पाऊस थांबत नाही, खाली खाडीला भरती. कोष्टक कसलं आणि कॅलेंडर कसलं. आमच्याकडे नियम एकच, वर चढा. गाडी काढायला खाली उतरू नका. सामान वाचवायला खाली राहू नका. आबांनी पायरीऐवजी वर एक स्लॅबची खोली बांधावी.

पाणंदकर

दादा, तुमचं बरोबर हाय पण ते आमच्यात चालत न्हाई. तुमचं पाणी येतंय धाडकन आणि जातंय बी लवकर. आमचं येतंय इंचाइंचानं आणि बसून राहतंय आठवडा आठवडा. २०१९ ला गच्चीवर चढलेल्यांचे काय हाल झाले विचारा कुणालाबी. लाईट गेलेली, फोन बंद, खाली जिकडं तिकडं पाणी आणि प्यायला थेंब न्हाई, पावसाचं पातेल्यात धरून प्यायले. त्यात कुणाला शुगर, कुणाची इंजेक्शनं फ्रिजात. मग हेलिकॉप्टरमधनं पुडा पडला तर पडला.

आणि म्हशी गच्चीवर चढत न्हाईत.

मिरजेची_सून

शेवटच्या वाक्याला हसले पण खरंय.

सामान वर ठेवणाऱ्यांसाठी एक सांगते. भरलेला गॅस सिलिंडर तरंगतो. हो, भरलेला. आम्ही जड आहे म्हणून खाली ठेवून गेलो, परत आलो तर तो बाथरूमच्या दाराशी आणि शेगडी अंगणात. फ्रिज तर उताणा होऊन छताला धडका देऊन आलेला, पंख्याची पाती वाकलेली. तेव्हा सिलिंडरचं रेग्युलेटर काढून, नॉब बंद करून, टोपी लावून साखळीनं खिडकीच्या गजाला बांधा. फ्रिजला पण बांधा. सासूबाईंचं वाक्य अजून घरात चालतं, "तुझ्या माहेरच्या फ्रिजपेक्षा आमचा सिलिंडर बरा पोहतो."

सातारी_बोका

बाकीचं ऑलिम्पिक पुढच्या पुरात.

टीएमसी_तात्या

घर कधी सोडायचं हा चुकीचा प्रश्न आहे. घर सोडायची वेळ का येते हा प्रश्न आहे. कर्नाटकात कृष्णेवरची अलमट्टी ५१९.६ मीटरला तुडुंब भरून ठेवायची, १२३ टीएमसी (अब्ज घनफूट), तिच्या अलीकडं हिप्परगी बंधाऱ्याला अडवायचं, आणि वर आम्ही बुडायचं. आता तर उंची ५२४.२५६ करायची म्हणतायत. २०१९ ला विसर्ग पाच लाख क्युसेकच्या वर नेला तेव्हा कुठं पाणी हललं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

जलअभ्यासू

तात्या, डोळ्यांनी बघितलं त्याला कारण म्हणत नाहीत. त्याच सुमारास पाऊसही कमी झाला. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टी-हिप्परगीवर खापर फोडलेलं नाही, कमी वेळात झालेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली, पूररेषेतली बांधकामं ही कारणं पुढं केली आहेत. सांगली-कोल्हापुरात निळ्या पूररेषेच्या आत किती प्लॉट एनए (बिगरशेती) झाले ते मोजा आधी. पूर्वी जिथं पाणी पसरायचं तिथं आता मंगल कार्यालयं आहेत.

टीएमसी_तात्या

समितीचा अहवाल आम्हाला मान्य नाही, इथल्या पूरग्रस्त संघटनांनाही नाही. धरणाचा फुगवटा कागदावर दिसत नसेल, आमच्या रानात दिसतो.

जलअभ्यासू

मान्य नसणं वेगळं आणि चूक असणं वेगळं. दोन धरणांमध्ये समन्वय हवा, तासातासाचे आकडे दोन्ही राज्यांनी एकमेकांना द्यावेत, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. त्यापुढे नाही. आणि कोयनेला विसरताय तुम्ही. १०५ टीएमसीचं धरण ऑगस्टच्या सुरुवातीलाच काठोकाठ असेल तर पुढचा पाऊस ठेवणार कुठं?

वाडीचा_पोरगा

तात्या, जलअभ्यासू, हात जोडतो. अलमट्टी आणि आबांची पायरी, दोन्हींची उंची वाढत चाललीय, पण मला फक्त आबांशी बोलता येतं.

सातारी_बोका

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

गुऱ्हाळघर

आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी कसली बोट न् काय. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस उकळायची भली मोठी कढई, काढायची, पाण्यात सोडायची, त्यात म्हातारी-कोतारी, पोरं, कोंबड्या, शेरडं. दोघं पोहणारे दोन्ही बाजूला धरून. काहिलीला पुढं-मागं काही नसल्यामुळं ती जागेवर गोल फिरायची, त्यात आमच्या पणजीला उलटी झाली आणि ती म्हणाली मला परत घरात सोडा, मी बुडून मरते पण ह्यात बसत नाही. हट्ट ही आपल्या नदीकाठची परंपराच आहे.

हसण्यावारी नेलं तरी एक सांगतो, कुठल्याही नावेत जास्त माणसं चढू देऊ नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली, बायका-मुलं गेली. पूर चढून दिवस झालेले, लोक घाबरलेले, आलेली नाव परत येईल का याचा भरवसा नाही, मग सगळे एकदम चढतात. त्या माणसांना दोष देववत नाही. म्हणून तर रस्ता असतानाच निघायचं, वर आयर्विनखालून यांनी सांगितलंय तेच.

कुरुंदवाडची_ताई

सगळा धागा वाचला. आबा काय म्हणतात, म्हशी काय म्हणतात, तात्या काय म्हणतात ते कळलं. आई काय म्हणतात ते धागालेखकानं लिहिलंच नाही.

बायका का कुरकुरतात ते मी सांगते. छावणी म्हणजे शाळा किंवा मंगल कार्यालय. एका वर्गात सहा-सात घरं. संडास दोन, त्यातला एक तुंबलेला. कपडे बदलायला आडोसा नाही. पाळी आली तर काय करायचं? मदतीच्या गाड्या येतात त्यात बिस्किटांचे डोंगर असतात आणि जुने कपडे, अगदी फाटके, सॅटिनचे घागरेसुद्धा आलेले आमच्यात. पॅड आणि नवी अंतर्वस्त्रं कुणाला सुचत नाहीत, सुचली तर ती वाटायला पुरुष उभे. म्हातारी माणसं रात्री उठायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. घर बुडतंय हे दिसत असून बाई "अजून थोडं थांबू" म्हणते त्यामागं हे असतं. तेव्हा आईंना विचारा, छावणीत जायचंय का कुणाच्या घरी, आणि कुणाच्या घरी गेलं तर त्यांना मोकळं वाटेल. आबांच्या बहिणीकडं का आईंच्या बहिणीकडं, हा फरक लहान नाही.

आणि परत आल्यावरचं. पाणी पूर्ण उतरायची वाट बघायची नाही. पाणी घोट्यापर्यंत असताना, ते जात असतानाच त्याच पाण्यानं गाळ खराट्यानं बाहेर ढकलायचा. एकदा पाणी गेलं आणि वर ऊन पडलं की तो गाळ असा बसतो की खोऱ्यानं खणावा लागतो, आणि धुवायला पाणी कुठून आणणार, नळ तर बंद. कपाट उघडताना काठीनं उघडा. आमच्या कपाटात साड्यांच्या घडीत घोणस होती. धान्य आधी काढा. भिजलेलं सोयाबीन फुगून पोती उसवतात, आणि दोन दिवसांनी त्याचा जो वास सुटतो तो जेवण जाऊ देत नाही.

मिरजेची_सून

ताईंचा प्रतिसाद साठवून ठेवला. सॅटिनचा घागरा आमच्यात पण आला होता, तोच फिरत असणार.

खडू_फळा

मी त्या छावणीवाल्या शाळेतलाच मास्तर. दोन्ही मोठ्या पुरांत वर्ग उघडून दिलेत. ताई म्हणतात ते सगळं खरं आहे, आडोशाचं तर शंभर टक्के, आम्ही नंतर विज्ञान प्रयोगशाळा फक्त बायकांसाठी ठेवली आणि चावी गावातल्या आशाताईंकडं दिली, तेवढ्यानं बराच फरक पडला.

लवकर येणाऱ्याला काय मिळतं तेही सांगतो. जागा, भिंतीकडेची. नावनोंदणी शांतपणे होते, औषधं कुठली लागतात ते लिहून घेता येतं. आणि जनावरांना मैदानात झाडाखाली जागा. शेवटी येणारा ओल्या अंगानं येतो, चपलासुद्धा नसतात, आणि आधार कार्ड, पासबुक, सातबारा सगळं घरात. मग पुढं पंचनाम्याला तलाठ्यासमोर रडगाणं. २०१९ ला सानुग्रह अनुदान ग्रामीणला १० हजार होतं, शहरी १५ हजार, त्यातले पाच रोख आणि उरलेले खात्यावर. खातं नंबर पाठ असतो का कुणाचा? कागदांचे फोटो काढून मुलाच्या, मुलीच्या फोनवर पाठवून ठेवा, आजच. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी डब्यात.

पंचनाम्याआधी घर धुतलं तर भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो आधी काढून ठेवा, दारात उभं राहून, घर ओळखू येईल असा.

टीएमसी_तात्या

मास्तर, त्याच वर्षी फुकट गहू-तांदळासाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त बुडालेलं पाहिजे अशी अट निघाली होती ती विसरलात. म्हणजे दीड दिवस बुडालेला माणूस कोरडा धरायचा.

खडू_फळा

विसरलो नाही तात्या, लिहायचं टाळलं. धागालेखकानं शेवटी लिहा म्हटलंय.

प्रयागकाठ

आमचा भाग कोल्हापूरजवळचा प्रयाग चिखली-आंबेवाडी. १९८९ च्या पुरानंतर वर सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा दिल्या. कितीतरी वर्षं झाली. पूर आला की गाव सोनतळीला, पूर गेला की गाव परत खाली. बाहेरचे लोक हसतात, "जागा दिली तरी जात नाहीत, मग बुडा." त्यांना एकदा सकाळी आमच्यात आणावं. शेत नदीकाठाला, गोठा शेताजवळ, पहाटे धार काढून डेअरीला घालायची, वैरण डोक्यावरनं आणायची. वर राहून हे रोज कसं करणार? आणि तेव्हा एका घराला दिलेल्या जागेत आता तीन भावांची तीन घरं कशी बसवायची? वरची जागा झोपायला आहे, जगायला खालीच यावं लागतं.

जलअभ्यासू

पटतंय, पण मग दर दोन-चार वर्षांनी सगळ्या यंत्रणेनं बोटी घेऊन यायचं, हेही किती दिवस चालणार? निदान म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, दागिने, धान्य यांचा मुक्काम जुलै-ऑगस्टला वर हलवता येईल.

प्रयागकाठ

आमच्यात बरीच घरं तेच करतात आता. पावसाळ्यात वर एक चूल, खाली एक चूल. खर्च दुप्पट आणि सुनेचे पाय दुखायचे ते वेगळेच.

सीनाकाठ

तुम्ही लोक नशीबवान, तुमच्याकडं खुणा आहेत. आम्ही माढा तालुक्यातले, सीनेच्या काठचे. आमच्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ७२ चा दुष्काळ तारीखवार सांगतील, टँकर कुठं उभा राहायचा ते दाखवतील. पूर कुणाला माहितीच नव्हता. सप्टेंबर २०२५ ला सीना आली आणि कुणाला कळेना की पळायचं कुठल्या दिशेला. गावात एक नाव नाही, पोहणारी माणसं हातावर मोजण्यासारखी, कारण पोहायला शिकायचं कशात? दावणीला बांधलेली जनावरं तशीच गेली कित्येकांची. आणि पाणी ओसरल्यावर घर चिखलात, ते तर झालंच, पण रान खरवडून गेलं. वरची माती गेली, खाली मुरूम उघडा. घर पुन्हा बांधता येतं, माती कुठून आणू?

त्यामुळं माझं उत्तर एकच. रात्री पाऊस थांबत नसेल आणि नदीचा आवाज बदलला तर दावी सोडा. जनावर सुटं असेल तर ते स्वतः उंचावर जातं.

पाणंदकर

सीनाकाठ, लय वाईट वाटलं वाचून. दाव्याचं एकदम बरोबर. आमच्यात बी २०१९ ला काहींनी "दोन दिसात येतो" म्हणून बांधून ठेवलेली, ती तशीच गेली. त्या माणसांनी नंतर म्हशी पाळायच्याच सोडल्या.

दिवेआगरकर_मुंबईत

थोडं अवांतर. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातून गेलं तेव्हा घर सोडायचं का, हाच प्रश्न आमच्याकडे होता, पण उलटा. पुरात उशिरा निघालात तरी बोट येते. वाऱ्यात उशिरा निघालात तर दाराबाहेर पडणंच मरण, पत्रे हवेतून कापत येतात. काकांचं घर कौलारू, त्यांनी सकाळीच शेजारच्या स्लॅबच्या घरात मुक्काम हलवला म्हणून वाचले. वारा मधेच थांबला, लोक बाहेर आले बघायला, आणि मग दुसऱ्या बाजूनं सुरू झाला. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. नारळ, पोफळी, आंबा, जायफळ, वाड्याच्या वाड्या झोपल्या. पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं, माड त्याहून जास्त. काका सत्तरीचे, ते परत लावताना म्हणाले हे मी कुणासाठी लावतोय ते मला माहितेय. वीज यायला तर महिना उलटून गेला.

बे_एरिया_बंडू

भाबडा प्रश्न, गावाकडे घराचा फ्लड इन्शुरन्स काढतात का? कोल्हापुरात आमचं घर बंद असतं.

आयर्विनखालून

गावात जवळपास कुणी काढत नाही. तुमचं पक्कं घर असेल तर काढा, महाग नसतो. गाडीचा मात्र बहुतेकांचा असतो, तर तिथं एक लक्षात ठेवा, पाण्यात बुडून निघालेली गाडी चावी फिरवून बघायची नाही. पाणी इंजिनात ओढलं जातं आणि मग त्या नुकसानीचा क्लेम नाकारतात. ढकलत न्या. मोटरसायकलही तेच. घरातली लाईटसुद्धा वायरमन बघून जाईपर्यंत मेन स्विच खाली.

नदीवरच्या मोटरी काढल्या का सगळ्यांनी? जूनचा पहिला पाऊस झाला की जॅकवेलवरचा (नदीकाठच्या उपसा विहिरीवरचा) स्टार्टर आणि मोटर वर. दरवर्षी कुणीतरी "अजून एक पाणी देऊन काढतो" म्हणतो.

ऊसवाला_आळस

ऊस बुडाला तर काय करायचं ते पण लिहा कुणीतरी. माझा आडसाली (दीड वर्षाचा) ऊस दोन्ही वेळेला गेला.

गुऱ्हाळघर

शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल तर वाचतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसला, शेंडा कुजला, की कांड्यावरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात. त्याला वजनही नाही आणि साखरेचा उताराही नाही. कारखाना लवकर उचलत असेल तर द्या, नाहीतर वैरणीला तोडा आणि रान मोकळं करून हरभरा टाका. वाट बघण्यात हंगाम जातो. गाळानं रान मात्र सुधारतं, तेवढंच नदी परत देते.

वाडीचा_पोरगा

मंडळी, शनिवारी गावी जाऊन आलो. कुरुंदवाडच्या ताईंचं ऐकून आईला बाजूला घेऊन विचारलं. आई म्हणाली, "मी तर जुलै लागला की पिशवी भरून ठेवते. गव्हाच्या डब्यात आहे, वरनं गहू घातलेत. तुझ्या आबांना माहीत न्हाई." कागद, माझी दहावीची मार्कशीट, तिची बोरमाळ, बीपीच्या गोळ्या, सगळं त्यात. ती निघायला कायम तयार होती, थांबायची ते ह्यांच्यामुळं.

मग आबांशी बोललो. पायरीचा विषय काढलाच नाही, थेट पाणंदकरांचा प्रश्न विचारला, म्हशी कुठं बांधायच्या? गडी एकदम मोकळा बोलायला लागला. म्हणजे हट्ट बिट्ट काही नव्हता हो, २०१९ ला म्हशी न्यायला जागाच नव्हती आणि हे सांगायची लाज. जयसिंगपूरच्या बाजूला आत्याचा माळ आहे, मोठं शेड आहे, पण आत्याच्या यजमानांशी बांधावरनं बोलणं बंद, मी शाळेत असल्यापासून.

आता असं ठरलंय की आयर्विनला इशारा पातळी लागली, किंवा आमच्या रस्त्याच्या सखल जागी पाणी दिसलं, यातलं जे आधी होईल तेव्हा म्हशी टेंपोत. आबा म्हणाले माणसांचं बघू नंतर. मी काही बोललो नाही. थोरली म्हस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही, त्यामुळं तिच्या मागं टेंपोत कोण चढणार ते मला माहीत आहे.

आत्याच्या यजमानांना फोन मी करायचा ठरलाय.

कुरुंदवाडची_ताई

आईंना माझा नमस्कार सांगा. डब्याला टिक्सोची पट्टी लावा म्हणावं, झाकणातनं पाणी जातं.

टीएमसी_तात्या

बांधाचं भांडण मिटलं तर अलमट्टीचं पण मिटेल. फोन करा.

पाणंदकर

भावा, फोन करशील तेव्हा पहिल्यांदा वैरणीचं बोल. पाव्हण्यांच्या दारात म्हस बांधायची आणि वैरण बी त्यांचीच म्हणलं तर जुना बांध परत निघतोय. रानात मका हाय का?

वाडीचा_पोरगा

आहे, दहा-बारा गुंठे. कणसात चीक भरतोय आत्ता.

पाणंदकर

मग टायमात हाईस. दाणं जरा घट्ट व्हाय लागलं की तोडून कुट्टी कर आणि मुरघासाच्या, म्हंजे आंबवून टिकवायच्या हिरव्या वैरणीच्या, बॅगा भर. हवा सगळी दाबून काढायची, तोंड घट्ट बांधायचं, ४५ दिवसांनी तयार. जुलैच्या मध्याला तुझी वैरण आत्याच्या शेडमध्ये पोचलेली पाहिजे, म्हशी मागनं जाऊ देत. बॅगांना उंदीर लागू देऊ नको, एक भोक पडलं तरी आतला माल काळा पडतोय.